१४५६६: अ‍ॅट्रॉसिटीची हेल्पलाइन सोलापुरातून वापरायची तर

१४५६६ ही अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराची, म्हणजे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालची, तक्रार घेणारी हेल्पलाइन. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली ही टोल-फ्री सेवा चोवीस तासांची आहे आणि मराठीत बोलता येतं. सेवा कामाची आहे, पण फोन केला म्हणजे गुन्हा दाखल झाला, असं नाही. तक्रारीला डॉकेट क्रमांक, म्हणजे नोंद क्रमांक, मिळतो आणि ती पुढे जिल्ह्याकडे जाते. क्रमांक लिहून ठेवा आणि ठाण्यात लेखी फिर्याद वेगळी द्याच. तोंडी सांगितलेलं लिहून घेतलं तर ते वाचून दाखवणं आणि नोंदवलेल्या फिर्यादीची प्रत फुकट देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नोंदवून घेत नसतील तर शहरात पोलीस आयुक्तांना, ग्रामीण भागात अधीक्षकांना टपालाने पाठवा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर ‘आधी चौकशी करू, मग बघू’ हे कारण चालत नाही.

फोन लावण्याआधी तारीख, वेळ, जागा, ठाण्याची हद्द कागदावर उतरवा. जातीचा दाखला जवळ ठेवा. ‘जातीवरून बोलला’ एवढं पुरत नाही. शब्द जसेच्या तसे हवेत, आणि ते कोणाकोणासमोर बोलला हेही. या कायद्यातलं जातीवाचक शिवीगाळीचं कलम लोकांच्या देखत घडलेल्या प्रकारालाच लागतं. बंद खोलीत तिसरं कुणी नसेल तर ते टिकत नाही.

खरी अडचण इथेच आहे. प्रकार यंत्रमाग कारखान्यात घडला तर साक्षीदारही तिथलेच, मालकाची उचल त्यांच्याही अंगावर. म्हणून पहिल्या दिवशी बहुतेक जण ‘जाऊ दे’ म्हणतात. हा भित्रेपणा नव्हे, हजेरी बुडेल याचा हिशेब असतो. पण पुढे कोर्टात उलटतपासणी त्या उशिरावरच होते. तेव्हा उशीर का झाला, हे फिर्यादीतच स्पष्ट लिहा.

सोलापुरात या सेवेची सर्वांत मोठी उणीव सेटलमेंट भागात दिसते, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथे वसवलं त्या वस्तीत. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, संशय मात्र गेला नाही. पारधी अनुसूचित जमातीत आणि मांग गारुडी अनुसूचित जातीत येतात, त्यांना अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होतो. सोलापूरचे कैकाडी विमुक्त जातीत मोडतात, त्यांना नाही. शिवी तीच, गल्लीही तीच. पण कैकाड्यांच्या वाट्याला बहुधा भारतीय न्याय संहितेचं अपमानाचं कलम ३५२ आणि हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची, पावती. त्यांनी १५१०० या विधी सेवा प्राधिकरणाच्या हेल्पलाइनवर मोफत वकील मागावा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.