पुण्यातला 'बर्गर किंग': चव आणि नावावरचा हक्क

पुण्याच्या कॅम्पातल्या 'बर्गर किंग'मध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याने अमेरिकन साखळीची अपेक्षा ठेवू नये. अनाहिता आणि शापूर इराणी यांचे हे उपाहारगृह 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे, तर मायामीत 1954मध्ये सुरू झालेल्या कंपनीने भारतात पहिले दुकान उघडले ते 2014मध्ये. इथला चिकन बर्गर पोटभरीचा असतो, आणि तो खाताना आपण दुसऱ्याच कोणाच्या दुकानात बसलो आहोत असे मला क्षणभरही वाटले नाही.

नेमका हाच मुद्दा न्यायालयात आहे. अमेरिकन कंपनीने 2011मध्ये पुण्यात दावा लावला, आणि 2012च्या जानेवारीतील अंतरिम आदेशामुळे इराणी कुटुंबाला हे नाव वापरणे बंद करावे लागले. ऑगस्ट 2024मध्ये जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. पुण्यातला वापर कंपनीच्या भारतातील आगमनाच्या कितीतरी आधीचा आहे आणि ग्राहकांची फसगत झाल्याचा पुरावा नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या व्यापारचिन्ह कायद्याच्या 34व्या कलमात आधीपासून सातत्याने नाव वापरणाऱ्याला संरक्षण आहे. मोठ्या कंपनीची जगभरातली ख्याती मी नाकारत नाही, पण त्या काळात पुण्यात या नावाने बर्गर विकून गिऱ्हाईक जोडले ते या कुटुंबाने, आणि म्हणून मला हा निकाल न्याय्य वाटतो. खुद्द अमेरिकेतही इलिनॉय राज्यातल्या मॅटून गावातील एका कुटुंबाच्या 'बर्गर किंग'ला 1968च्या निकालाने सुमारे वीस मैलांच्या परिसरात त्या नावाचा हक्क मिळाला, आणि ऑस्ट्रेलियात हे नाव आधीच दुसऱ्याकडे असल्यामुळे हीच साखळी 'हंग्री जॅक्स' म्हणून चालते.

डिसेंबर 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीच्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरण्यास पुन्हा मनाई केली आणि दोन्ही पक्षांना गेल्या दहा वर्षांच्या व्यवसायाची व कराची कागदपत्रे जपून ठेवण्यास सांगितले. त्या मनाईला सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025मध्ये स्थगिती दिली, मात्र अपिलाची सुनावणी उच्च न्यायालयात चालू ठेवण्यास मुभा दिली. अशा खटल्यात नाव किती जुने आहे हे मुख्यतः कागदांवरून ठरते. तेव्हा ज्या पुणेकरांच्या घरात इथले तीस वर्षांपूर्वीचे बिल, मेनूकार्ड किंवा पाटी दिसणारे छायाचित्र असेल, त्यांनी ते रद्दीत टाकू नये.