चरबी मोजणारा वजनकाटा: कोणता आकडा धरावा, कोणता सोडावा

उभं राहिलं की वजन, चरबी, स्नायू, पाणी, पोटातली चरबी, 'मेटाबॉलिक वय' (चयापचयावरून काढलेलं शरीराचं वय) असे दहा-बारा आकडे मोबाइलवर येतात. प्रत्यक्षात हा काटा दोनच गोष्टी मोजतो: वजन, आणि एका पायातून दुसऱ्या पायात जाणाऱ्या सौम्य विद्युतप्रवाहाला शरीराकडून होणारा अडथळा. बाकी सगळा उंची, वय आणि लिंग सूत्रात घालून काढलेला अंदाज.

वजन चोख येतं, फक्त काटा सपाट, कडक फरशीवर हवा. सतरंजीवर ठेवला की आकडा चुकतो. चरबीची टक्केवारी मात्र पाण्यावर नाचते. घाम गाळून शरीरात पाणी कमी झालं की अडथळा वाढतो आणि चरबी जास्त दिसते. कोरड्या, भेगाळलेल्या टाचांनीही तेच होतं. म्हणून सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, अनवाणी मोजावं आणि आठवड्याची सरासरी धरावी. एका दिवसात दोन टक्के चरबी वाढत नसते.

खरी अडचण पोटातल्या चरबीच्या आकड्याची. प्रवाह मुख्यतः पायांतून आणि ओटीपोटातून जातो, त्यामुळे आतड्यांभोवती आणि यकृतात काय साठलंय याचा त्याला जवळजवळ पत्ताच नसतो. आणि मधुमेह, हृदयविकाराच्या दृष्टीने महत्त्वाचं तेच. मांड्या-नितंबांवरची चरबी बरीचशी निरुपद्रवी. ती जागा अपुरी पडली की मेद यकृतात आणि स्नायूंत शिरतो आणि इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मिळ आजारात त्वचेखालची चरबी जवळजवळ नसतेच, माणूस सडपातळ दिसतो, तरीही फॅटी लिव्हर आणि तीव्र मधुमेह होतो. वजन नॉर्मल म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

पोटातल्या चरबीचा अंदाज घेण्याचं काम साधी शिंप्याची टेप काट्यापेक्षा चांगलं करते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, टेप जमिनीला समांतर, न आवळता, सहज श्वास सोडल्यावर मोजा. पँटचा नंबर म्हणजे कमरेचा घेर नव्हे. पट्टा बहुधा पोटाच्या खाली बसतो. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा: १६० सेंमी उंचीला ८० च्या आत. व्यायाम सुरू केल्यावर स्नायू वाढतात, पोट उतरतं आणि वजन तिथंच राहतं. वजनावरच डोळा ठेवणारे इथंच हिरमुसून व्यायाम सोडतात, आणि ते फार वाईट वाटतं.

उरलेलं चित्र रक्तदाब आणि उपाशीपोटीच्या रक्ततपासणीतून कळतं. रक्तदाब १३०/८५ किंवा वर, साखर १०० मिग्रॅ किंवा वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा वर, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० च्या आणि स्त्रियांत ५० च्या खाली, शिवाय वाढलेला घेर: या पाचांपैकी तीन जुळले तर मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह-हृदयविकाराचा धोका वाढवणारा लक्षणांचा संच, वजन काहीही असो.

काटा घ्यायला हरकत नाही, पण वजनासाठी आणि चरबीचा महिन्यांचा कल बघण्यासाठी. 'मेटाबॉलिक वय' सरळ दुर्लक्षित करा, ते प्रत्येक कंपनीच्या सूत्राप्रमाणे बदलतं. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र चरबी मोजणारा काटा वापरू नये. त्यांना साधा वजनकाटाच योग्य.