चेल्सी: अब्रामोविच बरा की बोएली?

चेल्सी या लंडनच्या फुटबॉल क्लबचा जुना मालक अब्रामोविच की नवा बोएली, मित्राला ठरवताच येईना कोणाला शिव्या घालाव्यात, म्हणून हे लिहितोय.

कोचच्या बाबतीत दोघंही सारखेच निर्दयी. अब्रामोविचने कोच डी मॅटेओला 2012 च्या मे मध्ये चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांचा सर्वात मोठा कप) जिंकून दिल्यावर नोव्हेंबरमध्येच हाकललं, आणि बोएली आणि त्याची भागीदार गुंतवणूक कंपनी क्लिअरलेक यांनी 2022 मध्ये क्लब घेऊन काही महिन्यांतच टूखेलला काढलं, मग पॉटरला, मग पोचेटिनोही गेला, चाललंच आहे. पण पहिल्याच्या हाकलपट्टीनंतर ट्रॉफी यायची ना राव! 5 प्रीमियर लीग (इंग्लंडची मुख्य लीग), 2 चॅम्पियन्स लीग. बोएलींच्या खात्यात 2025 ची कॉन्फरन्स लीग (युरोपातली तिसऱ्या दर्जाची स्पर्धा) आणि क्लब वर्ल्ड कप, प्रीमियर लीग अजून नाहीच.

पैसा दोघांनीही ओतला. फरक एवढाच की अब्रामोविच तयार स्टार आणायचा, तेही स्वतःच्या खिशातून क्लबला कर्ज देऊन, आणि बोएलीवाले पोरंटोरं घेतात, तीही मुद्रिक या प्लेअरसारखी साडेआठ वर्षांच्या करारावर. प्लेअर घेण्याचा खर्च हिशेबात कराराच्या वर्षांवर पसरायची ही आयडिया भारी होती, पण युएफाने (युरोपातली फुटबॉल संघटना) 2023 मध्ये या पसरण्यावर 5 वर्षांची मर्यादा घातली. आणि करार एवढा लांब असला की नको झालेला प्लेअर विकता विकता नाकीनऊ येतात, हे कोणी बोलत नाही.

ज्याला दरवर्षी कप हवाय त्याने अब्रामोविचचीच आठवण काढत बसावं. पोरं घडताना बघायची हौस आणि पाच-सहा वर्षांचा धीर असेल तर बोएली चालतील.