८५ची प्राइम क्रॉप करायची की ७०-३०० झूम घ्यायची? वर्षभर दोन्ही वापरून लिहितोय

माझ्याकडे आधी फक्त ८५ एमएम एफ १.८ ही प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स होती, बॉडी फुल फ्रेम २४ मेगापिक्सेलची, आणि लेन्स उघड्या अपर्चरलाही, म्हणजे भोक पूर्ण उघडं ठेवूनही, इतकी शार्प की वाटायचं लांबचं काही असेल तर नंतर क्रॉप करू, टेलिफोटोचं ओझं कशाला. मग ७०-३०० एफ ४.५-५.६ घेतली आणि जिथे जाईन तिथे एकाच जागी उभं राहून दोन्हीने तोच फोटो काढत गेलो.

स्टेजवरच्या कार्यक्रमात प्राइमने झूमला सरळ हरवलं. १३५ची फ्रेम, म्हणजे १३५ एमएम लेन्समधून दिसेल तेवढंच दृश्य, हवी म्हणून ८५चा फोटो कापला तरी साडेनऊ मेगापिक्सेल उरतात, ८ बाय १२ इंची प्रिंट ३०० डीपीआयला आरामात निघते. झूम मात्र १३५ला एफ ५ च्या आसपास येऊन बसते (एफचा आकडा मोठा तेवढा प्रकाश कमी), म्हणजे शटर तोच ठेवला तर जिथे प्राइम आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ८०० वर चालली तिथे झूमला ६४०० लागला. क्रॉप केल्यावर नॉइजही, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, मोठा होतो हे खरंय, पण तरीही प्राइमचाच फोटो जास्त स्वच्छ, चेहऱ्याची त्वचा त्वचेसारखी दिसते.

हे असं का होतं ते मला खूप उशिरा कळलं म्हणून जरा सविस्तर सांगतो. फोकल लेंथला, म्हणजे लेन्सच्या एमएमच्या आकड्याला, एफ नंबरने भागलं की लेन्सचं भोक किती मोठं ते कळतं. ८५ भागिले १.८ म्हणजे ४७ एमएम, आणि तुम्ही कितीही क्रॉप करा ते ४७च राहतं. झूमचं १३५ला २७ एमएम, २००ला साधारण ३८, पण ३००ला ५.६ने भागलं की ५४ होतं. एकाच जागेवरून तीच फ्रेम असेल तर ज्याचं भोक मोठं त्याला त्या माणसाकडून जास्त प्रकाश मिळतो, बस. म्हणजे १३५ला प्राइम तिप्पट पुढे, २००ला थोडीशी पुढे आणि ३००ला झूम पुढे, तेही नॉइजच्या बाबतीत, डिटेलचा हिशोब वेगळाच.

डिटेलमध्ये २००लाच दम लागायला लागतो, ४.३ मेगापिक्सेल उरतात, मोबाईलवर बघायला ठीक पण फोरके स्क्रीन भरायलाच ८.३ लागतात. ४५ मेगापिक्सेलची बॉडी असेल तर २००ला ८ उरतात, त्यांचं भागेल. ३००ला माझ्याकडे दोनसुद्धा उरत नाहीत. तळ्याकाठचा खंड्या झूमने ९०० पिक्सेल उंच आला, त्याच जागेवरून प्राइमने २५५, आता २५५ पिक्सेलमध्ये पिसं येणार कुठून? माझी झूम ३००ला एफ ५.६ वर थोडी मऊ आहे, एफ ८ केल्यावर सुधारते, पण मऊ असूनही तिच्यात पिसं मोजता येतात. अपस्केल करणारी सॉफ्टवेअरं पण लावून बघितली, ती पिसं काढून देतात पण ती त्या पक्ष्याची नसतात, मला ते अजिबात पटत नाही.

पर्स्पेक्टिव्हचं म्हणाल तर काही फरक नाही, टेलिफोटोने बॅकग्राउंड जवळ येतं असं सगळे म्हणतात पण ते तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर असतं, क्रॉपमध्येही अगदी तसंच दिसतं.

एक चूक मात्र टाळा, नंतर क्रॉप करायचंय हे आधीच माहीत असेल तर शटर ८५च्या हिशोबाने (साधारण एक भागिले फोकल लेंथ एवढे सेकंद) १/१०० ठेवू नका, फोटोबरोबर हाताचा हलकासा धक्काही मोठा होतो. २००ची फ्रेम हवी तर किमान १/२००. आणि लांबचा चेहरा फ्रेममध्ये एवढासा असतो की फोकसचा चौकोन स्टेजच्या मागच्या पडद्यावर जाऊन बसतो, माझे बरेच फोटो असेच गेलेत, तेव्हा सगळ्यात लहान फोकस पॉइंट निवडा.

सध्या स्टेज असेल तर ८५ आणि पक्षी असतील तर झूम. दुसरी लेन्स बॅगेत टाकतच नाही.