वायरशार्क: वितरित डेटाबेस शिकणाऱ्यांसाठी

सांगलीत संगणक अभियांत्रिकी शिकणारे बहुतेक विद्यार्थी डेटा कम्युनिकेशन आणि वितरित डेटाबेस (अनेक संगणकांवर विभागून ठेवलेला डेटाबेस) हे दोन विषय वेगवेगळ्या वह्यांत ठेवतात. परंतु दुसऱ्यातली बरीचशी गुंतागुंत पहिल्यातूनच जन्म घेते आणि ते नाते प्रत्यक्ष दाखवणारे साधन म्हणून मला वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी पॅकेटे (डेटाचे छोटे तुकडे) टिपून पडद्यावर मांडणारे सॉफ्टवेअर, अतिशय मोलाचे वाटते. जेराल्ड कॉम्ब्स यांनी १९९८ मध्ये ‘इथरिअल’ या नावाने प्रसिद्ध केलेले आणि २००६ पासून आजच्या नावाने ओळखले जाणारे हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

त्याची खरी पारख करायची असेल, तर दोन लॅपटॉपवर पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर बसवावे, एकावर सांगलीच्या हळद पेढीची आणि दुसऱ्यावर तासगावच्या बेदाणा पेढीची खाती ठेवावीत आणि तिसऱ्यावरून एका पेढीचे पैसे दुसरीकडे वर्ग करणारा व्यवहार टू-फेज कमिटने चालवावा, म्हणजे आधी दोन्ही सर्व्हरना तयार राहण्याचा आदेश (प्रिपेअर) द्यावा आणि दोघांचा होकार आल्यावरच व्यवहार पक्का करण्याचा (कमिट) द्यावा. त्यासाठी पोस्टग्रेसमधील ‘मॅक्स प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स’ या सेटिंगचे मूळ शून्य मूल्य वाढवून सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. जोडणी एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर तिसऱ्या लॅपटॉपवरील वायरशार्कमध्ये पोस्टग्रेसच्या पोर्ट ५४३२ चा फिल्टर लावताच प्रिपेअरचा आदेश, त्याचे उत्तर आणि नंतरचा कमिट हे सर्व टीसीपीच्या पोचपावत्यांसह ओळीने वाचता येते.

आता दोन्हीकडून प्रिपेअरचे होकार आल्यावर तिसऱ्या लॅपटॉपची केबल काढावी. पडद्यावर नवे काहीच येत नाही, पण दोन्ही सर्व्हरवर त्या खात्यांची कुलुपे (इतर व्यवहारांना त्यांत बदल करू न देणारी बंधने) तशीच राहतात, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तरी सुटत नाहीत, कारण निर्णय काय झाला हे त्यांना स्वतःहून ठरवता येत नाही. परीक्षेत ‘ब्लॉकिंग प्रोटोकॉल’ म्हणून दोन ओळींत लिहिला जाणारा हा दोष इथे पुरता उमगतो.

अर्थात, कुलुपे वायरशार्कला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी पोस्टग्रेसमधील प्रलंबित व्यवहारांची आणि कुलुपांची यादीच पाहावी लागते, त्यामुळे केवळ वायरशार्कवर विसंबून राहणाऱ्याचा अभ्यास अर्धवट राहील. फिल्टर न लावता सुरुवात केली, तर इतर प्रोग्रॅमच्या पॅकेटांच्या गर्दीत नवखा विद्यार्थी हरवतो, म्हणून फिल्टरची भाषा आधी शिकावी. वसतिगृहाच्या किंवा महाविद्यालयाच्या नेटवर्कवर इतरांची पॅकेटे परवानगीशिवाय टिपू नयेत. या प्रयोगाला लॅपटॉप एकमेकांना जोडणारा स्वतःचा एक साधा स्विच पुरतो.