ट्रॅकसाठी स्पोर्ट्स कार: ऑटोमॅटिक घ्यावी की मॅन्युअल?

ट्रॅकवर पळवायला स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं की आजूबाजूचे बहुतेक जण एकच सल्ला देतात: "मॅन्युअलच घे, ऑटोमॅटिकने कुणी रेस करतं का?" करतात, आणि जिंकतातही. १९६६ साली न्यूरबुर्गरिंगची १००० किलोमीटरची शर्यत फिल हिल आणि यो बोनियर यांनी जिम हॉल यांच्या 'चॅपरल २डी'मधून जिंकली. त्या गाडीत ऑटोमॅटिकमध्ये असतो तसा टॉर्क कन्व्हर्टर होता. १९८९ मध्ये नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची ग्रां प्री मारली ती फेरारी ६४० मधून, स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलत. आज टोयोटाची जीआर सुप्रा जीटी४ ही शर्यतीसाठी बांधलेली गाडी सात गिअरच्या ऑटोमॅटिकवर धावते. ऑटोमॅटिक शर्यतीला चालते का, हा वाद कधीच मिटला आहे. तुम्ही घेणार ती ऑटोमॅटिक सलग वीस मिनिटं ताणली तर टिकेल का, हे मात्र बघावं लागतं. आणि ट्रॅकवर तुम्हाला वेळ कमी करायचा आहे की हातापायांचं कसब कमवायचं आहे, हेही आधी ठरवावं लागतं.

'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली बरंच काही विकलं जातं. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअरच नसलेली, पट्ट्यावर चालणारी) ट्रॅकसाठी विसरून जा. उरतात दोन. एक टॉर्क कन्व्हर्टर, ज्यात इंजिनाची ताकद आधी तेलातून पुढे जाते. दुसरा ड्युअल क्लच, ज्यात सम आणि विषम गिअरना वेगवेगळा क्लच असतो, पुढचा गिअर आधीच लागलेला असतो आणि बदलताना ताकद जवळजवळ तुटतच नाही. पोर्शने हा प्रकार ऐंशीच्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसकारमध्ये घासूनपुसून पाहिला आणि २००८ मध्ये पीडीके या नावाने ९११ मध्ये आणला.

भारतात आज नवीन घेता येणारं, दोन्ही पर्याय शेजारी ठेवणारं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यू एम२. किंमत एक कोटीच्या आसपास. इंजिन तेच, मागची चाकं ढकलणारं, ४८० अश्वशक्तीचं. सोबत आठ गिअरची ऑटोमॅटिक किंवा सहा गिअरची मॅन्युअल. ऑटोमॅटिकला ६०० न्यूटन मीटर टॉर्क मिळतो, मॅन्युअलला ५५०. शून्य ते शंभर ऑटोमॅटिक ४.० सेकंदात, मॅन्युअल ४.२. मॅन्युअल साधारण २५ किलोने हलकी. हे आकडे बघून ऑटोमॅटिकवाले खूश होतात, पण ट्रॅकवर शून्यापासून सुरुवात होतेच कुठे? खरा फरक वळणातून बाहेर पडताना दिसतो. मॅन्युअलमध्ये दर अपशिफ्टला क्षणभर ॲक्सिलरेटर सोडावा लागतो. चेन्नईजवळच्या साधारण ३.७ किलोमीटरच्या मद्रास सर्किटवर असे क्षण लॅपमध्ये पुन्हा पुन्हा येतात. ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर, एक किलोमीटरहून लांब मागच्या सरळ रस्त्यावर, तेच क्षण वेगाच्या रूपाने अंगावर येतात.

एम२मधल्या टॉर्क कन्व्हर्टरला उगाच नाकं मुरडू नका. गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात त्यातला लॉक-अप क्लच बसतो आणि इंजिन गिअरबॉक्सशी थेट जोडलं जातं. म्हणजे ट्रॅकवरच्या वेगाला जुन्या ऑटोमॅटिकमधला तो रबरासारखा ढिलेपणा उरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: एम२ मुख्यतः लॅप टाइमसाठी घेत असाल, तर ऑटोमॅटिक घ्या.

नवशिक्यासाठी तर मी हे दुप्पट जोराने सांगेन. ट्रॅकवरच्या पहिल्या दिवशी डोकं आधीच भरलेलं असतं: ब्रेक कुठे लावायचा, वळणाचा आतला बिंदू कुठे, मागून कोण येतोय. त्यात हील-टोची, म्हणजे खालचा गिअर टाकताना एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबण्याची, भर घातली की ब्रेकवरचा दाब हमखास कमीजास्त होतो, कारण तोच पाय ॲक्सिलरेटरलाही टेकवायचा असतो. पॅडल असेल तर उजवा पाय फक्त ब्रेक शिकतो, आणि वेळ खरा तिथेच कमी होतो. शिवाय घाईत तिसऱ्यावरून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला तर मॅन्युअल गाडीचं इंजिन रेडलाइनच्या, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेच्या, कितीतरी वर फेकलं जातं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात आणि इंजिन जातं. ऑटोमॅटिक असा गिअर घेतच नाही. पॅडल ओढा, ती नकार देईल.

मग मॅन्युअल कुणासाठी? यात पोर्श ९११ जीटी३ची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०१३ मध्ये जीटी३ फक्त पीडीकेसह आली. चाहत्यांनी नाराजी दाखवली आणि २०१७ मध्ये मॅन्युअल परत आली. पुढच्या ९९२ पिढीचे आकडे बघा: पीडीके शंभरला ३.४ सेकंदात पोचते, मॅन्युअल ३.९ मध्ये. उलट मॅन्युअल १४१८ किलोची, पीडीके १४३५, आणि सर्वोच्च वेग मॅन्युअलचा ३२०, पीडीकेचा ३१८. अर्धा सेकंद हा या पातळीवर मोठा फरक. तरीही २०२५ मध्ये पोर्शचा चालक यॉर्ग बेर्गमायस्टरने सुधारित जीटी३ मॅन्युअलमध्ये न्यूरबुर्गरिंग ६ मिनिटं ५६.२९४ सेकंदांत मारलं. आधीच्या जीटी३ने पीडीकेसह तेच अंतर ६:५९.९२७ मध्ये कापलं होतं. दोन्ही गाड्यांची ताकद ५१० अश्वशक्तीच. म्हणजे टायर, सस्पेन्शन आणि वाहत्या हवेने गाडी खाली दाबून धरण्याची रचना यांतल्या सुधारणेने गिअरबॉक्सचा तोटा भरून काढला आणि वर साडेतीन सेकंद दिले. तुमचं बजेट मर्यादित असेल तर यातून घेण्यासारखं एवढंच: गिअरबॉक्सवर डोकं फोडण्याआधी टायर, ब्रेक पॅड आणि चांगल्या प्रशिक्षकावर पैसे घाला.

स्वतः क्लच दाबून, इंजिनाचा आवाज ऐकून डाउनशिफ्ट जुळवण्यात ज्याला दिवसाचं सार्थक वाटतं, त्याने मॅन्युअलच घ्यावी. तो आनंद खरा आहे आणि पैसे त्यासाठीच मोजायचे असतील तर दोन दशांश सेकंदांचा हिशेब करू नये.

आता जिथे ऑटोमॅटिक सरळ हरते त्या गाड्या. अमेरिकेत असाल आणि टोयोटा जीआर८६ बघत असाल, तर मॅन्युअल घ्या. तिची सहा गिअरची ऑटोमॅटिक शून्य ते ६० मैलांना ६.६ सेकंद घेते, मॅन्युअल ६.१. माझदा एमएक्स-५ मध्ये अनेक बाजारांत लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एका चाकाची पकड सुटली तरी दुसऱ्याला ताकद देणारा भाग) फक्त मॅन्युअलसोबत येतो, आणि तो नसेल तर वळणातून निघताना आतलं चाक नुसतं फिरत बसतं. गिअरबॉक्स निवडताना त्याच्यासोबत काय मिळतंय आणि काय काढून घेतलंय, हे यादीत बारकाईने वाचा.

आपल्याकडे सुरुवात मात्र बऱ्याचदा चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीसारख्या गाडीने होते. ती स्पोर्ट्स कार नाही, पण १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटरवर ट्रॅकवर मजा येते. तिथे मी एम२च्या नेमकं उलट सांगेन: मॅन्युअल घ्या. तिच्या सात गिअरच्या डीएसजीतले (फोक्सवॅगनच्या ड्युअल क्लच ऑटोमॅटिकमधले) क्लच कोरडे आहेत, म्हणजे त्यांना थंड ठेवायला तेल नाही, आणि या गिअरबॉक्सची मर्यादाही २५० न्यूटन मीटरचीच आहे. राखीव काहीच उरत नाही. शहरात ती सुरेख चालते, पण वारंवार जोरात सुरुवात आणि एकामागून एक लॅप यांसाठी ती बांधलेली नाही. शिवाय डीएसजीच्या मॅन्युअल मोडमध्येही, म्हणजे गिअर तुम्ही बदलत असतानाही, रेडलाइनला ती स्वतःच वरचा गिअर घेते.

उष्णता हाच ऑटोमॅटिकचा खरा शत्रू. तेल तापलं की गिअरबॉक्स स्वतःला वाचवायला शिफ्ट मंद करतो किंवा इंजिनाला ताकद कमी करायला सांगतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे लवकर घडतं. म्हणून तेलाला वेगळा कूलर आहे का ते विचारा, गिअरबॉक्सचं तेल कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या बरंच आधी बदला, आणि शेवटचा लॅप ब्रेक न तापवता सावकाश घ्या.

चालवताना 'डी'वर, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या मोडवर, राहू नका. वळणाच्या मध्यात गिअरबॉक्सने स्वतःहून खालचा गिअर टाकला तर मागच्या चाकांवर एकदम जोर येतो आणि गाडी मागून सुटते. डावा पाय मोकळा असल्याने कार्टिंग केलेल्यांना त्याने ब्रेक लावायचा मोह होतो, पण अनेक रस्त्यावरच्या गाड्या दोन्ही पेडल एकत्र दाबली की इंजिनाची ताकद तोडतात.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा विक्रेत्याला तीन गोष्टी दाखवायला सांगा: मॅन्युअल मोडमध्ये रेडलाइनला गाडी गिअर धरून ठेवते का, पॅडल ओढल्यावर खालचा गिअर किती पटकन पडतो, आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान कुठे दिसतं का. विमा पॉलिसीही एकदा वाचा, कारण आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचणीत झालेलं नुकसान धरत नाहीत. स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआयचा (देशातल्या मोटरस्पोर्ट्सच्या महासंघाचा) परवाना लागतो. रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, गिअरबॉक्स कुठलाही असो.