रात्री-अपरात्री कुत्र्या-मांजराला न्यायचं कुठे? नेहमीचे डॉक्टर, चोवीस तास हॉस्पिटल की परळ

कुत्रा-मांजर असलेल्या घरात हा प्रश्न सगळं ठीकठाक असतानाच सोडवून ठेवायला हवा. मुंबई-पुण्यात आता पर्याय बरेच झालेत, म्हणूनच ऐनवेळी घोळ होतो. घरातला एक म्हणतो नेहमीच्या डॉक्टरांना फोन लाव, दुसरा मोठ्या हॉस्पिटलचं नाव घेतो, तिसऱ्याला परळचं जनावरांचं जुनं रुग्णालय आठवतं, आणि अर्धा तास तिथेच जातो. माझं मत आधीच सांगून टाकते. त्या दुखण्यात पहिल्या तासात जे करावं लागतं, ते सगळ्यात लवकर कोण करू शकेल, एवढंच बघा. हॉस्पिटल किती मोठं हा नंतरचा प्रश्न.

नेहमीचे डॉक्टर

त्यांना आपलं जनावर माहीत असतं. वजन, लसी, मागच्या खेपेला कोणतं औषध सोसलं नाही, सगळं. शिवाय दवाखाना बंद असला तरी जुन्या ओळखीचा फोन बरेच डॉक्टर रात्रीही उचलतात. ही ओळख दर वर्षी वेगळीकडे स्वस्तात लस टोचून घेणाऱ्यांना मिळत नाही.

आमच्या मजल्यावरच्या ताईंचा बोका एका संध्याकाळी सारखा ट्रेमध्ये जाऊन बसत होता. पाठीला बाक, कण्हणं, आणि ट्रेमधली वाळू कोरडी. घरात वाटलं, पोट साफ होत नाहीये; एरंडेल पाजायचं चाललं होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावताच सांगितलं, लघवी तुंबली आहे. मूत्राशय लिंबासारखं टणक लागत होतं. गुंगीचं इंजेक्शन देऊन त्यांनी तिथल्या तिथे नळी घातली. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट साका अडकला की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय बंद पडू शकतं. उद्या बघू म्हणण्याचं हे दुखणं नव्हे. या केसमध्ये मोठ्या हॉस्पिटलच्या नादात शहर पार केलं असतं तर बहुमोल वेळ रस्त्यात गेला असता. दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांनी त्याला हॉस्पिटलात पाठवलं, कारण नळी काढल्यावर पुन्हा तुंबायची भीती असते आणि रक्त तपासत राहावं लागतं. आधी जवळ, मग मोठ्याकडे: मला हा क्रम बहुतेक वेळा योग्य वाटतो.

जवळचा दवाखाना कमी पडतो तो रात्रभराच्या देखरेखीत. सलाईन लावून शटर ओढणार का, हे स्पष्ट विचारा. अशक्त जनावराला बंद दवाखान्यात एकटं ठेवायला मी तरी तयार होणार नाही.

चोवीस तास खासगी हॉस्पिटल

ऑक्सिजन, सोनोग्राफी, तासातासाला तपासणी आणि मुख्य म्हणजे मध्यरात्री ऑपरेशन, यासाठी इथेच यावं लागतं. ग्रेट डेन, डॉबरमन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडतो. कुत्रा उमासे देतो पण बाहेर काही पडत नाही, पोट ताणलं जातं, तो एका जागी ठरत नाही. जवळचे डॉक्टर सुईने किंवा नळीने हवा काढून थोडा वेळ मिळवून देऊ शकतात, पण पीळ सोडवायला ऑपरेशनच लागतं, तेही काही तासांत.

पाटीवर मात्र विसंबू नका. ‘२४ तास’ लिहिलेल्या काही ठिकाणी रात्री फक्त मदतनीस असतो आणि डॉक्टर फोनवर. म्हणून आजच फोन करून विचारा: रात्री दोनला डॉक्टर हजर असतात का? भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त द्यावं लागलं तर काय सोय आहे? गोचीड तापात कुत्र्याचं रक्त इतकं उतरतं की रक्तदात्या कुत्र्यासाठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर धावाधाव होते. मांजराचा तर रक्तगट न जुळवता रक्त देऊच नये, पहिल्याच वेळी जिवावर बेतू शकतं.

पैसे हा इथला खरा ताण. दाखल करतानाच डिपॉझिट मागतात. त्यात संकोच कसला? अंदाजपत्रक लिहून मागा, त्यात एका रात्रीचा खर्च वेगळा दाखवायला सांगा, आणि ‘अमुक रकमेपुढे जायच्या आधी मला फोन करा’ हे केस पेपरवर नोंदवून घ्या. विमा असला तरी बहुधा आधी आपणच भरायचे आणि मग दावा लावायचा. लोकांशी बोलताना मला सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार उपचारांची नसते. आत काय चाललंय हे कोणी सांगत नाही, ही असते. रोज कोण, किती वाजता फोन करणार, हे दाखल करतानाच ठरवून घ्या.

परळ आणि महाविद्यालयांची रुग्णालयं

परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, आणि मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये तिथेच सुरू झालं. खर्च आवाक्यात, आणि रोज इतकी जनावरं बघितलेले हात. गर्दी आणि थांबणं मात्र गृहीत धरा. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू नेत असाल तर पार्व्होचे (पिल्लांच्या जीवघेण्या, संसर्गजन्य जुलाब-उलट्यांचे) रुग्ण वेगळे ठेवतात का, हे आधी विचारा आणि तोवर त्याला जमिनीवर सोडू नका. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू झालं. तिथे चोवीस तास तातडीची सेवा आहे आणि वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एका छताखाली भेटतात.

मुंबईबाहेर नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळच्या महाविद्यालयांकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. सर्जरी किंवा मेडिसिनमध्ये एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेले प्राध्यापक तिथे रुग्ण बघतात. दिवसाच्या कामाला उत्तम, रात्रीचं मात्र विचारून ठेवा. १९६२ हा सरकारी फोन क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आहे, पण त्याचा भर गुराढोरांवर असतो.

कोकणात राहत असाल तर आणखी एक चौकशी: सर्पदंशाची लस (म्हणजे विषावरचा उतारा) कुणाकडे असते? नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी माणसांचीच लस कुत्र्यालाही देतात. जिथे ती आहे, ते त्या रात्रीचं तुमचं हॉस्पिटल.

विशेषज्ञ

हाडं, डोळे, हृदय, त्वचा यांच्यासाठी घाईने धावायचं नसतं. अपवाद डोळ्याच्या जखमेचा आणि मागचे पाय अचानक लुळे पडण्याचा. आपल्याकडे बरेच सर्जन एका जागी बसत नाहीत, दवाखान्यांत बोलावल्यावर येतात. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांकडेच ऑपरेशन होऊ शकतं का, हे विचारा. ऑपरेशननंतर रात्री कोण बघणार, हेही त्याच दमात.

कुठेही जा, आधीचे रिपोर्ट आणि चालू औषधांची पाकिटं सोबत घ्या, आणि तापावर घरातलं पॅरासिटामॉल देऊन निघू नका, मांजराला तर एक गोळीही मारक ठरते. उंदराचं औषध खाल्लं असेल तर त्याचा खोका नक्की न्या. या औषधांतल्या ब्रोमाडायोलोनवर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, झिंक फॉस्फाइडवर उताराच नाही, आणि डॉक्टरांचा पुढचा अर्धा तास या एका नावावर ठरतो. ब्रोमाडायोलोन खाल्लेला कुत्रा दोन-तीन दिवस धडधाकट दिसतो आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो, म्हणून तो खेळतोय हे पाहून घरी थांबू नका.